सोडावं की सोडावंच लागेल

पत्र आलं तेव्हा बेंगीच्या एका हातात सेरुनीचं नाक पुसायचं फडकं होतं, दुसऱ्या हातात भाताचा डाव होता, आणि तिसरा हात अल्लाने तिला दिलेला नव्हता. सहकारी संस्थेच्या इहसानने ते फोनवर पाठवलं होतं. तिने फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि चुलीपुढे वाकूनच वाचायला घेतलं. पत्र इंग्रजीत होतं. चार वाक्यं, खाली मळे तपासणाऱ्या परदेशी कंपनीचा शिक्का.

दारात बसून तिचे सासरे, अमा, गमबुटातला चिखल काडीने काढत होते. बाहेर तीन दिवसांची झिमझिम चालू होती आणि तळ्यावरून वर आलेलं धुकं कॉफीच्या मळ्यात शिरून बसलं होतं.

"काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं.

"थांबा जरा."

"चारच तर ओळी दिसतायत."

"अमा, भात लागेल खाली."

तेवढ्यात कडेवरची सेरुनी खोकली आणि खोकता खोकता दूध बाहेर आलं, बेंगीच्या गळ्यावरून थेट पाठीत. चौदा महिन्यांच्या पोरीचा हा खोकला आठवडाभर हटत नव्हता. बेंगीला त्या खोकल्यात शेजारच्या मळ्यातल्या औषधफवाऱ्याचा वास यायचा. दवाखान्यातली बाई म्हणाली होती, थंडीचा आहे. बेंगीने मान हलवली होती आणि विश्वास ठेवला नव्हता.

"शेजारी फवारतो ना, त्या बाजूला आठ मीटरचा पट्टा सोडावा लागेल म्हणतात," ती पोरीचं तोंड पुसत म्हणाली. "कडेचं वेगळं ठेवा वगैरे. नाही केलं तर यादीतून नाव काढतील."

यादी म्हणजे बिनविषारी मळ्यांची यादी. तिच्यात नाव होतं म्हणून संस्था त्यांची कॉफी चढ्या भावाने घ्यायची. त्या नावासाठी अमांनी सहा वर्षं मळ्यात औषधाचा थेंब शिरू दिला नव्हता. गवत कोयत्याने काढलं, किडकी फळं एकेक हाताने वेचली. गुडघे गेले, पण नाव राहिलं.

कोपऱ्यात सासूबाई, इने, तळ्यातले बारके देपिक मासे निवडत होत्या. "कुठल्या बाजूला?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"शेजारच्या अमान जेलीच्या."

"तिथे माझी झाडं आहेत."

बेंगीने पातेलं उतरवलं. भात थोडा लागलाच होता.

सकाळी सेरुनीला पाठीवर बांधून बेंगी दुपटी वाळत घालत होती. पावसात दुपटी वाळत नाहीत हे तिला माहीत होतं, तरी घालत होती. खालून मळ्यातून ठक्‌ ठक्‌ आवाज यायला लागला तेव्हा तिला वाटलं, अमा सुबाभळीच्या फांद्या छाटतायत. सावली दाट झाली की छाटतात. दुपटी संपल्यावर इहसानला पत्राचं उत्तर द्यायचं म्हणून तिने फोन उघडला आणि पत्र पहिल्यांदा नीट वाचायला घेतलं.

पहिल्या वाक्यात शुड होतं.

तिने पुन्हा वाचलं. शुडच होतं. मस्ट दुसऱ्या वाक्यात होतं. तिसऱ्यात मे. चौथ्यात, शेजाऱ्याला विनंती करण्याविषयी, कुड. चार वाक्यांत चार, जणू तिचीच परीक्षा घ्यायला कोणी बसवून लिहिलं होतं. कॉलेजात सरांनी फळ्यावर शिडी काढली होती. वरच्या पायरीवर मस्ट, त्याच्या खाली शुड, मग मे, मग असं करत करत. तिला पाठ होती. परीक्षेत रिकाम्या जागा भरायच्या असायच्या आणि तिने एकही चुकवली नव्हती. रिकाम्या जागेत कोणाची झाडं नसायची.

ठक्‌.

ती धावली. बांधावरून घसरली, एका हाताने पाठीवरच्या पोरीला धरलं, दुसऱ्या हाताने सुबाभूळ, तळहात सोलला. खाली पोचली तेव्हा अकरा झाडं आडवी होती. लाल फळं लागलेली, काही हिरवी, ओल्या मातीत चेहरा खाली करून पडलेली. अमा बारावं बघत होते, कुठून घाव घालावा म्हणून.

"अमा, थांबा. तसं नाही लिहिलेलं."

"काय नाही लिहिलेलं?"

"लागेल असं नाही लिहिलेलं. सोडावं, असं आहे."

अमांनी कुऱ्हाड टेकवली. "मग मी काय करतोय? सोडतोच आहे की."

"तसं नाही. सोडावं म्हणजे, सोडलं तर बरं."

"आणि नाही सोडलं तर?"

"तर यादीतून काढू शकतील."

"काल म्हणालीस काढतील."

"काढतील नाही हो. काढू शकतील."

"म्हणजे नाही काढणार?"

"काढतीलही. नाहीही काढणार."

अमा तोडलेल्या खोडावर बसले. डोक्यावरच्या विणलेल्या टोपीतून पाणी निथळत होतं. "इपक," ते म्हणाले. पोरीबाळींना हाक मारतात तशी त्यांनी तिला हाक मारली, म्हणजे राग अजून आत होता. "तुझ्या बापाने तुझ्या कॉलेजात एक म्हैस घातली. अख्खी म्हैस. आणि तू मला सांगतेस काढतीलही, नाहीही काढणार. एवढं तर मलाही येत होतं."

"मी काल घाईत सांगितलं. पोरगी ओकत होती."

"पोरगी ओकली म्हणून झाडं पडली."

"मी तोडा नव्हतं म्हटलं."

"सोडावं लागेल म्हणालीस. झाडं काय उचलून खिशात ठेवू?"

तेव्हा बांधावर इने आल्या. त्या झाडांकडे आल्या नाहीत, बांधावरच उभ्या राहिल्या. ही दोन ओळींतली एक्केचाळीस झाडं त्यांनी लावली होती, बंदुकीच्या गोळ्यांच्या दिवसांत गाव सोडून गेलेले सगळे परत आले त्या वर्षी. घर जळलेलं होतं. माहेरून त्यांनी भाताच्या पातेल्यात रोपं आणली होती आणि त्या दिवसांत भात दुसऱ्याच्या पातेल्यात शिजला होता. त्यांनी अकरा मोजली. ओठ हलताना दिसले. मग त्या आल्या तशा परत गेल्या.

"आता बाकीची?" बेंगीने विचारलं.

"तूच सांग. सोडावं की सोडावंच लागेल?"

"शुड आहे."

"तो तुझा शुड मला दाखव. माणूस असेल तर त्याला चहा पाजतो."

त्या दिवसापासून इने बेंगीशी थेट बोलेनाशा झाल्या. जे काही असेल ते सेरुनीला सांगायच्या. "सेरुनी, तुझ्या आईला म्हणावं, सरपण ओलं झालंय." "सेरुनी, तुझी आई शिकलेली आहे, तिला विचार मीठ घालावं की घालावंच लागेल." पोरगी आजीकडे बघून हसायची आणि बेंगी मीठ घालायची.

दोन दिवसांनी इहसान मोटारसायकलवर आला, चिखलाने कमरेपर्यंत रंगलेला. संस्थेने त्याला मळ्यांवर देखरेखीला ठेवलं होतं, पंचवीस वर्षांचा, सगळ्यांना आका आणि आबांग, म्हणजे ताई आणि दादा, म्हणणारा. अमांनी त्याला कॉफी दिली आणि त्याच्या समोर उकिडवे बसले.

"इहसान, शुड म्हणजे काय?"

"शुड म्हणजे मस्टच, अमा. गोरे लोक सभ्य असतात ना, तोंडावर मस्ट म्हणत नाहीत."

"कोणी सांगितलं तुला?" बेंगी आतून म्हणाली.

"मेदान शहरातल्या प्रशिक्षणात, आका."

"मग दुसऱ्या वाक्यात मस्ट आहे. ते काय?"

इहसानने कॉफीत फुंकर घातली. "मस्ट म्हणजे आणखी मस्ट."

"तिथे सभ्यपणा संपला त्यांचा?"

"आका, तुम्ही इंग्रजीच्या. मी शेतीचा."

अमांना मात्र इहसानचं पटलं. ते हळूहळू मान हलवत होते. "बरोबर आहे पोराचं. गोळ्यांच्या दिवसांत लष्कराच्या चौकीवरून चिठ्ठी यायची. लिहिलेलं असायचं, उद्या सकाळी उपस्थित राहावं ही नम्र विनंती. विनंती, हां. हुकूम नाही. खाली सही. गावातला अमान तावी म्हणाला, विनंती आहे, मला कांदे लावायचेत. त्याचे कांदे कोणीच काढले नाहीत नंतर." त्यांनी कुऱ्हाडीची धार अंगठ्याने चाचपली. "जो ओरडतो त्याच्याशी भांडता येतं. जो विनंती करतो त्याचं ऐकावं."

"ही कंपनी आहे, अमा. चौकी नाही."

"लिहिणारे सगळे एकाच शाळेत शिकतात."

बेंगीचा संताप झाला. सरांच्या शिडीवर प्रत्येक शब्दाला एक पायरी होती. इथे शब्द खालच्या पायरीवर उभा राहून वरच्यापेक्षा जड होत होता. व्याकरण तिचं बरोबर होतं. पण अमान तावीचे कांदेही खरे होते.

"निदान पत्र लिहून विचारू तरी," ती म्हणाली. "तोवर कुऱ्हाड नको."

"किती दिवस?"

"शिक्क्याखाली बारीक अक्षरात चौदा दिवसांत उत्तर द्या म्हणालेत."

"द्या म्हणालेत, की दिलं तर बरं?"

इहसान हसला. बेंगी हसली नाही. इने आतून म्हणाल्या, "सेरुनी, तुझ्या आजोबांना म्हणावं, चौदा दिवस झाडं काही पळून जात नाहीत."

चौथं वाक्य शेजाऱ्याला विनंती करता येईल असं होतं. "करता येईल म्हणजे काय? तोंड आहे मला, करता येणारच," असं म्हणत अमा दुसऱ्या दिवशी अमान जेलीकडे निघाले आणि साक्षीला बेंगीला घेऊन गेले.

अमान जेलीने बटाटे आणि मिरची लावली होती. पाठीवर निळा पंप, तोंडाला काही नाही, ओठात सिगारेट, आणि फवारा अर्धा मिरचीवर, अर्धा वाऱ्यावर. बेंगीने सेरुनीचं तोंड ओढणीत लपवलं आणि दहा पावलं मागेच थांबली.

"या, या. इनेन सेरुनी, लांब का? मी चावत नाही," तो बेंगीला सेरुनीची आई म्हणून हाक मारत म्हणाला.

"पोरीला खोकला आहे."

"माझी सहा पोरं या वासात वाढली. एकाला खोकला नाही." त्याने पंप उतरवला आणि पाठ वाकवून दोनदा मोडली. खांद्यावर पट्ट्याचे लाल वळ उठले होते. "बोला."

अमांनी सांगितलं. निदान बांधाकडच्या चार ओळी फवारू नका, किंवा वारा तिकडून इकडे असेल तेव्हा तरी नको.

"वारा माझ्या हुकमात आहे का?"

"तसं नाही."

"पत्रात माझं नाव आहे?"

अमांनी बेंगीकडे बघितलं. "शेजारी असं आहे," ती म्हणाली.

"शेजारी तर चार आहेत तुम्हाला." त्याने सिगारेट विझवली आणि उरलेली कानामागे ठेवली. "हे बघा, मिरचीला करपा आलाय. नाही फवारलं तर मी खाऊ काय? तुमच्या यादीत माझं जेवण आहे का? तुम्हाला चांगला भाव, मला फक्त आठ मीटर अक्कल."

हे खोटं नव्हतं. अमा पायातला चिखल बघत राहिले.

"म्हणजे नाही?" त्यांनी विचारलं.

"मी नाही कुठे म्हणालो? बघू. इन्शाअल्ला."

परतताना अमा बांधावर थांबले. मग म्हणाले, "इन्शाअल्ला म्हणजे करणार का?"

"तुम्हीच सांगा. ती तर तुमची भाषा आहे."

"माझी भाषा मला कळत नाही असं तुला म्हणायचंय?"

"मला काही म्हणायचं नाहीये."

दुसऱ्या दिवशी निळा पंप पुन्हा बांधाला लागून चालत होता. बेंगीने घराच्या फळ्या लावून घेतल्या आणि आत धुरात बसली.

तिने पत्र लिहिलं. तीन दुपारी लागल्या, कारण सेरुनी झोपायची वीस मिनिटं आणि त्यातली दहा बेंगी तिची छाती वरखाली होते का ते बघण्यात घालवायची. शेवटी दोनच वाक्यं उरली. आम्ही झाडं तोडलीच पाहिजेत का, की तोडलेली बरी? कृपया एकच शब्द लिहा. 'कृपया एकच शब्द लिहा' तिने पुसलं, उद्धट वाटलं. मग पुन्हा लिहिलं. मग पुसलं आणि पाठवून दिलं.

रात्रीच्या जेवणाआधी नवऱ्याचा, रुसलीचा, फोन आला. तो मेदानच्या रस्त्यावर कॉफीचा ट्रक चालवायचा, महिन्यातून दोनदा घरी यायचा. मागून हॉर्न ऐकू येत होते.

"आई रडत होती फोनवर. काय चाललंय तुमचं?"

"माझ्याशी बोलत नाहीत, तुझ्याशी रडतात."

"एक पत्र वाचता आलं नाही तुला? तूच शिकलेली घरात."

"तूच ये आणि वाच."

"मला इंग्रजी येत असतं तर ट्रक चालवला असता का?"

"मला येतं, तर मी काय चालवतेय?"

मग तो म्हणाला, "पोरगी कशी आहे?" आणि ते दोघं खोकल्याविषयी बोलले. त्याविषयी भांडता येत नव्हतं.

आठव्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. बेंगीने ते तीनदा वाचलं आणि फोन पालथा घातला.

"काय म्हणतायत?" अमा.

"काही नाही म्हणत."

"एवढं लांबलचक काही नाही?"

"म्हणतायत," तिने श्वास घेतला, "की पट्ट्यासाठी काय काय करता येण्यासारखं आहे याचा विचार करण्याची तुमची इच्छा असू शकेल."

अमांनी कानामागे हात धरला. "कोणाची इच्छा?"

"तुमची."

"माझी इच्छा त्यांना कशी माहीत?"

"माहीत नाही. असू शकेल म्हणतात."

"आणि माझी इच्छा नसेल तर?"

"ते नाही लिहिलेलं."

अमा उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. "मी चौकीवरची माणसं बघितली. ती म्हणायची, ये. ये म्हटलं की माणूस जायचा. ही कोण माणसं आहेत, इपक, जी म्हणतात तुझी यायची इच्छा असू शकेल?"

बेंगीला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा ती उठून चुलीत लाकूड सारायला गेली.

"आणखी एक आहे," ती पाठमोरीच म्हणाली. "पुढच्या गुरुवारी तपासणीला बाई येणार आहेत. येणार. हे नक्की आहे."

"हे तरी बरं."

अमांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं. बाई येण्याच्या आदल्या दिवशी उरलेली तीस झाडं तोडायची. त्यांनी ते मोठ्याने सांगितलं नाही, पण कुऱ्हाडीला नवा दांडा बसवला आणि सगळ्यांना कळलं. इने त्या दिवसापासून उजाडताच टोपली कमरेला बांधून बांधाच्या ओळीत जायला लागल्या. तीस झाडांवरचं फळ जेवढं पिकलंय तेवढं उतरवायचं, झाड पडायच्या आत. थंडीने बोटं वळत नसायची. संध्याकाळी त्या टोपली घरामागे आणायच्या, गर काढायच्या यंत्राच्या तोंडात ओतायच्या आणि दांडा फिरवायच्या. सगळ्या मळ्याची फळं त्याच यंत्रातून, त्याच हौदात, त्याच ताडपत्रीवर. बेंगी शेजारी उभी राहून पाणी घालायची. दोघींचे हात चिकट व्हायचे, दोघींच्या नखांत लाल गर भरायचा, आणि बोलायची फक्त सेरुनी.

बुधवारी मात्र असा पाऊस लागला की मळ्यात पाय ठरेना. अमा कुऱ्हाड घेऊन दोनदा निघाले, दोनदा परत आले. दुसऱ्यांदा घसरून कोपर सोलून आले. इने हळद लावत म्हणाल्या, "सेरुनी, आजोबांना म्हणावं, वरच्यालाही विनंतीच आली असेल."

गुरुवारी तपासनीस बाई आल्या. बू तियुर, मेदानच्या, जाड चष्मा, काखेत फायलीची प्लास्टिकची पिशवी. दिवसातला चौथा मळा होता त्यांचा. एका बुटात पाणी शिरलं होतं आणि चालताना तो आवाज करत होता. इहसान मागे छत्री धरून. इंग्रजी कागद त्यांच्या हातात होता, पण त्या बोलत होत्या देशाच्या सरकारी भाषेत, आणि अमांना ती भाषा समजली तरी उत्तर द्यायला जीभ वळत नसे, म्हणून बेंगी मध्ये.

त्यांनी बांधापासून टेप लावला. एका टोकाला खुंट, पुढे तीस झाडं उभी. त्यांनी खुंटांकडे बघितलं.

"ही का तोडली?"

"पट्टा सोडायला," बेंगी म्हणाली.

"कसला पट्टा?"

"आठ मीटरचा. पत्रात होतं."

बू तियुरनी चष्मा पुसला, पण तो आणखी ओला झाला. "पत्रात पट्टा राखावा, असं आहे. सोडावा नाही. अहो, ही झाडं म्हणजेच तो पट्टा. विष इथपर्यंत येतं, आतल्या झाडांवर जाऊ नये म्हणून ही मध्ये उभी. झाडांना कोणी हात लावायला सांगितला? फक्त यांचं फळ वेगळं तोडायचं, वेगळं ठेवायचं, आणि यादीबाहेर विकायचं. तेवढंच मस्ट होतं. मी रोज चार मळ्यांत हेच सांगते आणि रोज चार मळ्यांत काहीतरी नवीनच झालेलं असतं."

बेंगीने हे अमांना घरच्या गायो बोलीत सांगितलं. सांगताना तिचा आवाज खाली खाली गेला. राखावा. इतके दिवस ती शिडी चढत-उतरत होती, शुड का मस्ट, मस्ट का शुड, आणि पुढचं क्रियापद तिने बघितलंच नव्हतं. अमा एका खुंटाजवळ गेले आणि त्यावरचा ओला पाला बुटाने बाजूला केला.

"बरं," बू तियुर म्हणाल्या. "या ओळींची फळं कुठे ठेवलीयत?"

घरामागे ताडपत्रीखाली दोन पोती वेगळी पडली होती. त्यांत गेल्या महिन्याची मोडकी, पोकळ बी होती. अमांची नजर तिकडे गेली. मग ते गायोत, हवापाण्याचं बोलावं तसं, म्हणाले, "सांग तिला, ती मागची दोन पोती."

बू तियुरना गायो येत नव्हती. इहसानला येत होती. तो छत्रीच्या काड्या मोजायला लागला.

बेंगीने इनेंकडे बघितलं. इने तिच्याकडेच बघत होत्या, सरळ, मधे सेरुनी नव्हती. सेरुनी पाठीवर झोपली होती आणि तिच्या श्वासाची शिट्टी बेंगीच्या मानेला लागत होती. दोन पोती म्हटलं की संपलं. नाव राहील. अमांचे गुडघे फुकट जाणार नाहीत, नवरा रुसली काही बोलणार नाही. आणि बांधावरच्या विषातली फळं बाकीच्यांत मिसळून कुठेतरी जातील, कोणीतरी पिईल, त्यांच्याही घरात खोकणारं कोणी असेल.

"वेगळी नाही ठेवली," ती म्हणाली. "सगळ्यात मिसळली. पत्र मी वाचलं आणि घरात नीट सांगितलं नाही. पट्ट्याचं सांगितलं. वेगळं ठेवायचं ते वगैरे म्हणून सोडून दिलं."

"वगैरे?"

"हो."

बू तियुरनी पाठीवर कागद ठेवायला इहसानला वाकायला लावलं आणि लिहिलं. लिहून कागद बेंगीसमोर धरला. इंग्रजीत एकच ओळ होती.

"काय लिहिलंय?" अमांनी विचारलं.

"या वर्षीची कॉफी यादीत विकता येणार नाही."

"येणार नाही, की नाही आलेली बरी?"

"येणार नाही."

"पुढच्या वर्षी?"

तिने विचारलं. बू तियुर म्हणाल्या, वेगळं ठेवलंत तर परत तपासू. बेंगीने तेवढंच सांगितलं आणि त्यात आपल्याकडचं काही घातलं नाही. अमांनी कागदावर अंगठ्याच्या आकाराची सही केली. "एकदाचं कळलं," ते म्हणाले आणि घराकडे गेले. पाठीमागून ते फार म्हातारे दिसत होते.

बू तियुर आणि इहसान बांध चढून गेले. बुटाचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. बेंगी तिथेच उभी होती. इने ओळीत शिरल्या होत्या. कालच्या पावसाने पिकलेली फळं झडायला लागली होती, चिखलात लाल लाल पडत होती. त्यांनी कमरेची टोपली सारखी केली आणि पहिली फांदी खाली ओढली.

"खालच्या फांद्यांची आधी घे," त्या म्हणाल्या. "गळतायत."

बेंगीने आजूबाजूला बघितलं. दुसरं कोणी नव्हतं. ती खाली बसली, पाठीवरची पोरगी सावरली आणि तोडायला लागली.

"कशात टाकू?" तिने विचारलं.

इनेंनी खोचलेलं रिकामं पोतं कमरेतून काढलं आणि तिच्याकडे फेकलं.